तुझा तुका कचरला नव्हता

दस्तगीर, आधी तक्रार करतो, मग बाकीचं. वाद अर्धा टाकून उठायची तुझी खोड मला जन्मात आवडली नाही. नमाजाची वेळ झाली की तू उठायचास, “थांब म्हाद्या, आलोच, तवर तुझी बाजू नीट जुळवून ठेव,” म्हणायचास आणि परत येऊन सगळं पहिल्यापासून सुरू करायचास. मी तालमीच्या ओट्यावर बसून खरंच बाजू जुळवायचो. या खेपेला मात्र उठलास तो उठलासच. आणि गड्या, या खेपेला माझ्याकडं जुळवलेली बाजू होती. सात वर्षं पोटात ठेवलेली. ती ऐकायला तू थांबला नाहीस, म्हणून आज कागद घेऊन बसलोय.

आज चौथा दिवस. तुझ्याविषयी सांगणारे पेठेत पुष्कळ झालेत. दस्तगीर वस्तादांनी किती पैलवान घडवले, कुठल्या कुठल्या मैदानातनं फेटे आणले, दरबारात त्यांना कसा मान होता, सगळं सांगतायत. सांगू देत बापडे. मी मातीवाला माणूस, मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला तुझ्याशी एकाच माणसाविषयी बोलायचंय. आजऱ्याच्या तुकाविषयी. त्याचं नाव निघालं की तू पाठ फिरवायचास. आता फिरवू नकोस.

लिहिणं तुझ्या पसंतीचं होणार नाही, हे आधीच सांगतो. चार यत्ता शिकलो त्याचा तुला काय राग होता कुणास ठाऊक. “लिवतोस मास्तरावानी आणि बोलतोस आडत्यावानी,” म्हणायचास. तरी पंजाबात गेलेल्या आपल्याकडच्या कुणा पैलवानाचं मराठीत लिहून घेतलेलं पत्र आलं की मलाच हाक मारायचास. उर्दू तू वाचायचास, मराठी मी. कुठल्या दरबारच्या मैदानात कोण कुणाला भिडला, कुणी कुणाला आस्मान दाखवलं, ते वाचून झालं की आपला वाद सुरू.

आपण दोघं एकाच दिवशी तालमीत आलो. तू पिंजाऱ्याचा, मी कुणब्याचा. दोन वर्षांत माझा गुडघा गेला. मला वाटलं, संपलं, आता गावी जाऊन औत धरायचं. तू त्या वेळच्या वस्तादांपुढं उभा राहून म्हणालास, “म्हाद्या न्हाय तर मी बी न्हाय.” एवढंसं पोर तू, अजून मिसरूड फुटलं नव्हतं. वस्ताद हसले आणि मला मातीच्या कामाला ठेवलं. पुढं तू वस्ताद झालास, मी मातीवालाच राहिलो, आणि एक दिवस तू मला ते जाणवू दिलं नाहीस. पोरांसमोर मी तुला ‘वस्ताद’ म्हणायचो तर तुला लाज वाटायची. मारुतीपुढं उदबत्ती तू लावायचास आणि मोहरमात पंजापुढच्या दिव्यात तेल मी घालायचो. तुझे उपकार मोजत बसलो तर हा कागद पुरायचा नाही.

तुझ्यामुळं मला मातीचं काम कळलं. तांबडी माती चाळून घ्यायची, तेल, ताक, हळद, लिंबू घालायचं, पायानं तुडवायची. मग मूठभर घेऊन दाबायची आणि सोडायची. ढेकूळ राहिलं तर ओली झाली, भुरभुरली तर कोरडी राहिली. दाबल्यावर धरते आणि सोडल्यावर हलकेच फुटते ती खरी. एवढं झाल्यावर अनवाणी सगळा कुस्तीचा हौदा फिरायचं, कारण हाताला कळत नाही ते पायाला कळतं. हे सगळं आता मी का सांगतोय ते पुढं येईल.

आपला वाद आठवतो का? तालमीच्या मागच्या भिंतीवर तू कोळशानं पैलवानांची यादी मांडायचास. लाहोरचा जलाल, पटियाळ्याचा हरनाम, आपले इकडचे, सगळे. ज्यानं समोरच्याला चीत केलं त्याच्या नावापुढं उभी रेघ, जो चीत झाला त्याच्यापुढं आडवी, बरोबरीत सोडवली तर फुली. आणि तुझा नियम असा, की फक्त मोठ्या मैदानातल्याच कुस्त्या मांडायच्या. परमुलखाचे पैलवान आलेत, राजे बसलेत, हजारो माणसं बघतायत, तिथल्या. जत्रेतल्या, सरावातल्या कुस्त्यांना तुझ्या भिंतीवर जागा नव्हती.

मला ते पटायचं नाही. मी म्हणायचो, “हरनामसारखा पैलवान रोजच्या सरावात मी बघितला न्हाय.”

“सरावात म्हस बी बैठका मारंल. मोठ्या मैदानात काय केलं ते सांग.”

“बरोबरीत सोडवली की. तीन तीन तास कुणाला हालू दिलं न्हाय.”

“म्हंजे खांब हाय. खांबाला पैलवान म्हणत्यात व्हय?”

आणि मग तू जलालवर यायचास. जलाल बारीकसारीक कुस्तीत दोनदा चीत झालेला तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होतास, पण त्याचं तुला काही नव्हतं. बडोद्याला बघ, इंदूरला बघ, मोठं मैदान दिसलं की तो दुसराच माणूस होतो, म्हणायचास. भिंतीवर त्याच्यापुढं एकही आडवी रेघ नव्हती. मी म्हणायचो, “एका दिवसावर माणूस कसा रं मोजतोस? त्या दिवशी पोट बिघडल्यालं असंल, डोळ्यावर ऊन असंल, माती असंल.” त्यावर तू एकदम गंभीर व्हायचास आणि म्हणायचास, “माती कुणाची बाजू घेत न्हाय, म्हाद्या.” हे वाक्य तू मला किती वेळा ऐकवलंस! शेवटची सात वर्षं ते ऐकलं की मी मातीचं काम काढून उठायचो, आणि तुला वाटायचं की मी वादात हरलो.

तुका तुझ्याकडं आला तेव्हा सोळा-सतराचा होता. आजऱ्याहून तांदळाच्या गाडीबरोबर आला आणि गाडी परत गेली तरी हा गेला नाही. जैनबभाबींनी त्याला चुलीपुढं बसवून पोटच्या पोरासारखं वाढलं. तुम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं पेठेत लोक बोलायचे ते तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचास. पण तुका जोर मारत असला की तू काही ना काही निमित्त काढून तिथंच घुटमळायचास. ढाक त्याच्यासारखी कुणी मारली नाही. समोरच्याचा हात काखेत आवळायचा, पोटात शिरायचं आणि एका पायावर गर्रकन फिरून त्याला कमरेवरनं टाकायचं. तू त्याला एकच सांगायचास, ढाकेला शिरलास की अर्ध्यात थांबायचं नाही. थांबला तो मेला.

मग महाराजांनी नवं मैदान बांधलं. कुठंही बसा, कुस्ती सारखीच दिसते असं गोल मैदान आपण तोवर बघितलं नव्हतं. आणि तिथं जलालशी जोड ठरली ती आपल्या तुकाची. जोड ठरली त्या दिवशी तू भिंतीवर तुकाचं नाव पहिल्यांदा लिहिलंस. पुढची जागा मोकळी ठेवलीस. मला म्हणालास, “आता कळंल की, हेचं बी नाव जलालच्या शेजारी लिवायचं का खाली.” किती खूश होतास! त्या मैदानाच्या हौद्याची माती करायचं काम माझ्याकडं आलं, ते तुझ्याच शब्दावर आलं.

आता ऐक. मध्येच उठू नकोस.

जलाल दरबारचा पाहुणा म्हणून आठ दिवस आधी आला होता. त्याचा सराव मी रोज जाऊन बघितला. केवढा माणूस तो! दारातनं आत आला की उजेड कमी व्हायचा. मला धडकी भरली. तुका त्याच्यापुढं निम्मा. पण त्याची एक सवय माझ्या ध्यानात आली. दुपारची कुस्ती असली की तो सलामी झाल्या झाल्या सरकत सरकत सूर्य पाठीशी घेऊन उभा राहायचा, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यावर ऊन यावं. कुस्ती दुपारची, म्हणजे हा पश्चिमेला उभा राहणार. आणि माझ्या टाळक्यात ते शिरलं. पश्चिमेकडची वावभर, दोन्ही हात पसरल्याएवढी, माती मऊ ठेवली तर? एवढा जड माणूस, पाय रुतला की जागचा हलणार नाही. हलका तुका त्याच्याभोवती फिरत राहील.

कुस्तीच्या दिवशी सकाळी मैदानात मी एकटाच होतो. तेवढ्या जागेत मी ताकाचे दोन घडे जास्त घातले. वरनं कोरडी माती चाळून पसरली. दस्तगीर, मी ते केलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देऊ केलं नव्हतं. तुझं पोरगं जिंकावं म्हणून केलं. तू विचारलंस तर मान खाली घालावी लागेल, हे तेव्हाही कळत होतं. तरी केलं.

पुढचं तू बघितलंस, पण तू मैदानाच्या वरच्या ओट्यावर होतास आणि मी हौद्याच्या काठाला होतो. हलगी वाजली. हात मिळाले. मी जलालच्या पायांकडं बघत होतो, आता सरकेल, मग सरकेल. आणि सरकला तो तुका. वळसा घालून घालून त्यानंच पश्चिम धरली. ऊन जलालच्या डोळ्यावर. मला वाटलं ओरडावं, “तिथनं हल रं!” पण ओरडलो नाही. तुका पोटात शिरला, काखेत हात आवळला, जलालचा एक पाय सुटलेला मी बघितला. लोक उभे राहिले. आणि तुकाचा डावा पाय फिरलाच नाही. घोट्यापर्यंत आत गेला. ढाक अर्ध्यात थांबली. जलालसारख्या माणसाला तेवढं पुष्कळ झालं. त्यानं वरनं दाबून उलटा केला आणि तुका चीत.

वरनं बघणाऱ्या हजारो लोकांना काय दिसलं? पोरगं शिरलं आणि कचरलं. तुलाही तेच दिसलं. जलाल महाराजांच्या हातनं फेटा बांधून घेत होता तोवर मी फावडं घेऊन ती जागा खालवर केली. पुढच्या जोडीसाठी माती उकरायची, हे माझं कामच की. एवढ्या लोकांदेखत मी माझं पाप पुरलं आणि कुणी हटकलं नाही.

तालमीत परत आल्यावर तू तुकाला उंबऱ्यातच अडवलंस. तुझा आवाजही चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. “हरल्याचं काय न्हाय,” तू म्हणालास. “थांबलास का?” तुका खाली बघत राहिला. “बोल की! भ्यालास व्हय?” मी मागं फावडं घेऊन उभा होतो. तू म्हणालास, “ह्या उंबऱ्याच्या आत परत पाय ठिवू नगंस.” त्यानं बाहेरनंच उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि गेला. भाबी आत रडत होत्या. त्या दिवशी तू भिंतीवर एक आडवी रेघ मारलीस.

दर दसऱ्याला भिंत सारवून निघायची आणि तू सगळी यादी नव्यानं मांडायचास. तुकाचं नावही न चुकता लिहायचास. मी एकदा म्हटलं, “आता कशाला लिवतोस? तो तर भात लावतोय आजऱ्यात.” तू म्हणालास, “हाय ते हाय.” तिकडं तुका जत्रेतल्या कुस्त्या मारत होता, मी तुला मुद्दाम येऊन सांगायचो. तू म्हणायचास, “जत्रंत मारतोय. मोठ्या मैदानात कचरला.” मी चिडायचो. “एका कुस्तीवर पोराला मारून टाकतोस?” तू म्हणायचास, “मग तू सांग की, का थांबला?” सात वर्षं तू हा एकच प्रश्न विचारलास आणि सात वर्षं उत्तर देणारा माणूस तुझ्याच शेजारी बसून तुझ्याच पानपुड्यातलं पान खात होता.

का सांगितलं नाही? दरबाराची भीती होतीच. महाराजांच्या पाहुण्याला फसवायला निघालेला माणूस मी. पण खरं सांगू? ती भीती दुसऱ्या नंबरची. तू मला तालमीतनं काढलं असतंस हे मला ठाऊक होतं. बाकी सगळं सोसलं असतं रे, पण तू समोरनं आलास आणि मान वळवून गेलास, हे मला सोसलं नसतं. तुकाला सोसावं लागलं ते मी बघत होतो, आणि तरी मी स्वतःला वाचवलं. भेकड मी होतो. नाव त्याच्यावर पडलं.

तू जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तुझ्या उशाशी होतो. ताप उतरत नव्हता. भाबी कपाळावरच्या घड्या बदलत होत्या. तुला हुशारी वाटावी म्हणून मी हरनामचा विषय काढला, म्हटलं हा आता खांब म्हणेल आणि उठून बसेल. तू हातानंच नको म्हणालास. छताकडं बघत म्हणालास, “तुका का थांबला, त्येचा मी लई इचार केला, म्हाद्या.”

मी म्हटलं, “गप पड. ताप हाय अंगात.”

“पोरगं कचरणारं नव्हतं. मी वाढवलंय त्येला. मग उरतं कोण? मीच की. जलाल सूर्य पाठीला घेतो, हे मला म्हाईत हुतं. कुणाला न सांगता पंधरा दिस मी पोराकडनं घटवून घेतलं, त्येच्या आधी तू पश्चिम धर आणि तितंच ढाक मार. दोन गोष्टी एकदम गळ्यात घातल्या. गोंधळला असंल. शिकवायला मीच कमी पडलो आणि बोल त्येला लावला.”

दस्तगीर, तुका पश्चिमेला का गेला हे कोडं मला सात वर्षं सुटलं नव्हतं. ते तू त्या दुपारी सोडवलंस. तूही जलालची तीच खोड हेरली होतीस. तू त्यावर डाव शिकवलास आणि मी त्यावर ताक ओतलं. तुझा डाव बरोबर होता. पोरानं तो बरोबर केला. आणि बरोबर केला म्हणूनच त्याचा पाय माझ्या खड्ड्यात गेला.

तू माझ्याकडं तोंड केलंस. म्हणालास, “तुला काय वाटतं?” एवढं सरळ तू मला कधी विचारलं नव्हतंस. शब्द माझ्या ओठावर आला होता, खोटं सांगत नाही. भाबी समोर होत्या. तुझे डोळे तापानं लाल झाले होते. मी म्हटलं, “उद्या बोलू.” तू म्हणालास, “बरं. उद्या तर उद्या.”

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा दारात माणसं उभी होती.

कबरीत तीन मुठी माती घालायची असते, ती मीही घातली. पहिली मूठ उचलली आणि काय झालं सांगू, सवयीनं मी ती दाबून बघितली. चार माणसं बघत होती. कोरडी होती, भुरभुरली. पन्नास वर्षांची सवय, हात ऐकत नाहीत. तुझा पुतण्या मला धरून बाजूला घेऊन गेला, त्याला वाटलं म्हातारा खचला. खचलो होतोच. पण त्या वेळी डोक्यात एकच होतं, की हा खाली पडलेला माणूस स्वतःला दोष देत गेला आणि मी अजून गप्प आहे.

ताप चढला तेव्हाच भाबींनी कुणाला न विचारता आजऱ्याच्या गाडीवाल्यांकरवी निरोप धाडला होता. काल तिसऱ्या दिवसाची जियारत उरकून मी तालमीत आलो, पोरं बसून होती, कुणी कुस्तीची लांग चढवली नव्हती. तेवढ्यात दारातलं पोरगं म्हणालं, “पावणं, आत या की. भाईर का हुबं?” आणि बाहेरनं आवाज आला, “न्हाय, हितंच बरा हाय.” मी ओळखला.

तुकाचे कल्ले एवढ्या वयातच पांढरे झालेत. पायांना वाटेची धूळ होती. मला बघून वाकला आणि म्हणाला, “मामा, उशीर झाला मला.” पोरं गोळा झाली. त्यातल्या एकाला कळलं हा कोण ते, त्यानं दुसऱ्याच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं असेल ते मला ऐकू न येताही कळलं. आणि माझं टाळकंच फिरलं. मी ओरडलोच, “ऐका रे सगळ्यांनी! ह्यो कचरला नव्हता!” आणि तिथंच, रस्त्यावर, सगळं सांगून टाकलं. घडे, ताक, फावडं, सगळं.

तुका शांत उभा होता. मी म्हटलं, “मार मला. काय बी कर.”

तो म्हणाला, “मामा, पायाला कळलंतं.”

“काय?”

“माती मऊ केलीया त्ये. आन् कुनी केलीया त्ये बी. दुसरं कोन हात लावनार हौद्याला?”

“मग बोलला का न्हाईस लेका? वस्ताद तुला तोंडावर इचारत हुते!”

“पैल्या दिवशी वस्तादांनी मारुतीच्या पायावर हात ठिवून शपत घातलीती. चीत झालास तर मातीला नाव ठिवायचं न्हाय. तुमाला न्हवती घातली व्हय?”

घातली होती. तुला आणि मला एकाच दिवशी घातली होती. आपण पैलवान असताना तसा प्रसंगच माझ्यावर आला नाही, म्हणून मी विसरलो. मग तुका म्हणाला, “आन् सांगितलं आसतं तर वस्तादांनी तुमाला बी काढलं आसतं. दोघांतलं एक तरी त्यांच्याजवळ ऱ्हायला पायजेलतं की.”

मोठ्या मैदानात काय केलं तेवढंच धरायचं म्हणायचास ना तू? हे कुठल्या रेघेनं मांडलं असतंस, सांग. तुझा जलाल मोठा पैलवान, मी नाही म्हणत नाही. पण हे जलालला जमलं असतं का?

मग त्यानं विचारलं, “शेवटाला माझं नाव काढलं का वस्तादांनी?”

मला लपवता आलं असतं. पण सात वर्षं लपवून मी काय मिळवलं होतं? मी त्याला तुझं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. पोरगं कचरणारं नव्हतं, शिकवायला मीच कमी पडलो. तोवर खंबीर उभा राहिलेला तो माणूस, दस्तगीर, मटकन खाली बसला, रस्त्यावर, धुळीत. “वस्ताद कमी पडलं न्हाईत!” म्हणून एवढ्या मोठ्यानं ओरडला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. “त्यांनी सांगितल्यावानी समदं झालंतं, मामा. जलालचं डोळं दिपलंतं. पाय सुटलाता त्येचा. एवढं तरी मी त्यांस्नी सांगायला पायजे हुतं. मातीचं नसतं सांगितलं. एवढं तरी सांगायचं हुतं.” तो पोरासारखा हुंदके देत होता आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो.

शांत झाल्यावर मी म्हटलं, “चल, आत चल. भाबी जेवायला थांबल्यात.”

“भाबींकडं जातो. तालमीत न्हाय येत. वस्तादांनी नगं म्हटलंय.”

“आरं, वस्ताद न्हाईत आता!”

“म्हणूनच की,” तो म्हणाला. “आता ये म्हणून कोन म्हणनार?”

त्यानं बाहेरनंच उंबऱ्याला डोकं टेकलं आणि उठला. पोरांनी हाका मारल्या, मी मारल्या. वळला नाही. दस्तगीर, त्याला तुझ्या तोंडून फक्त ‘ये’ ऐकायचं होतं, आणि तू म्हणालाही असतास रे, त्याच दुपारी, मी ‘उद्या बोलू’ म्हणालो नसतो तर.